तळाला भोक असलेला वाडगा

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे आणि माझ्या तळाला भोक आहे. हसू नका, मित्रांनो. ते पडलेले नाही, पाडलेले आहे. तुमच्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत, मी त्याच जातीचा. पाण्याने भरलेल्या हंड्यात मला तरंगत सोडतात. भोकातून पाणी हळूहळू आत येते, मी भरतो आणि बुडतो. मी ठरलेल्या वेळा बुडालो की एकाची पाळी संपते आणि पाटाचे पाणी पुढच्याच्या शेतात वळते.

हे पाणी डोंगराच्या पोटातून, पणजोबांच्या पणजोबांनी खोदलेल्या भुयारातून आपल्या उताराने येते. आमच्या इराणात त्याला कनात म्हणतात. डोंगर देईल तेवढेच कनात आणते, ओरबाडून काढत नाही.

उस्ताद यदुल्ला एक्केचाळीस वर्षे माझे बुडणे मोजत माझ्याशेजारी बसले. पाटावर आलेली माणसे त्यांना काहीबाही विचारत.

"उस्ताद, डोंगरावर बर्फ का टिकत नाही हल्ली?"

"जगभर धूर वाढलाय, हवा तापलीय. पडतं ते लगेच वितळून वाहून जातं. मुरायला वेळ नको?"

"मग मी एकट्यानं पाणी जपून काय होणार?"

"तू एकट्यानं दोन वाडगे जास्त घेऊन बघ. काय होतं ते खालच्या शेतातली तूबाखाला सांगेल तुला."

या हिवाळ्यात उस्ताद गेले. त्यांची मुलगी महलका शहरातून आली आणि काळे कपडे घालून त्यांच्या स्टुलावर बसली. चारचौघांत ती रडली नाही. पण एका दुपारी मला मांडीवर घेऊन ती राखेने आणि लिंबाने घासत राहिली. तिच्या बोटांना काम हवे होते. मी सोन्यासारखा झालो. त्या घासण्यात माझ्या भोकाभोवती वर्षानुवर्षे साचलेला चुन्याचा थरही निघून गेला. भोक मोठे झाले आणि मी लवकर बुडू लागलो. मला तोंड नाही, मी सांगणार कसे?

दुसऱ्याच दिवशी तूबाखालाच्या, म्हणजे तूबामावशीच्या, शेताचा शेवटचा पट्टा कोरडा राहिला. संध्याकाळी हौदापाशी सगळे जमले. केशराचे व्यापारी कियूमर्स तर कागद घेऊनच आले होते. त्यांना खोल विहीर खणून वीजपंप बसवायचा होता, आणि त्यासाठी पाण्याच्या प्रत्येक वाटेकऱ्याचा अंगठा हवा होता. पंप बसला की जमिनीखालचे पाणी खोल जाणार आणि कनात आटणार, हे सर्वांना ठाऊक होते. शेजारच्या गावात तेच झाले होते.

"बाप गेला आणि वाडगाही बिघडला," कियूमर्स म्हणाले. "आता याला संग्रहालयात ठेवा. पोरं बघायला येतील. खाला, दे अंगठा."

महलका हौदाजवळच्या तुतीच्या झाडाकडे बघत होती. एरवी शेवटची पाळी आणि शेंड्यावरचे ऊन एकदमच संपे; आज सगळ्यांच्या पाळ्या संपल्या होत्या, पण शेंड्यावर ऊन अजून होते. हौदात कुणाच्याच वाट्याचे नसलेले पाणी पडत होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी वाडगा घासला. बाबा घासल्यावर उन्हाशी ताडून बघायचे. मी नाही बघितलं."

"थांब," तूबाखाला म्हणाली. "कमी माझंच झालं, की सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. सारखंच."

"मग ठीक आहे."

"ठीक काय, खाला?" कियूमर्स म्हणाले. "शेत वाळलं तुझं."

"वाळलं. पण बांधापलीकडे तुझंही वाळलं ना? तुझा पंप लागला की माझं एकटीचं वाळेल. वर अंगठाही माझाच असेल."

कुणीतरी हसले. कियूमर्सनी कागदाची घडी घातली, पण फाडला नाही. ते पुन्हा येतील.

दुसऱ्या दिवसापासून महलकाने प्रत्येक पाळीत एक वाडगा वाढवला. संध्याकाळी पाळ्या आणि ऊन बरोबर संपले. तिने तुतीकडे पाहिले आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली.

मित्रांनो, लोक विचारतात, हा जुना वाडगा तापलेल्या हवेचे काय करणार? काही नाही. मला बर्फ पाडता येत नाही, धूर आवरता येत नाही. धूर करणाऱ्यांनी तो आवरावा, त्यांची कामे माझ्या गळ्यात घालू नका. पण आहे ते कमी पडले तर कसे वाटायचे, ते मला येते. ज्याला ते येत नाही, त्याला समुद्र दिला तरी पुरणार नाही.

म्हणून सांगतो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मी शोभेची वस्तू नाही. मला हंड्यात सोडा. बुडणे हे माझे काम आहे. दर वेळी हात घालून मला वर काढणे, हे तुमचे.