पहिली पायली

लग्न ठरायच्या आधी मुलगी येऊन घर बघते, न्हाणी बघते, विहिरीत डोकावते, हे आवडीबाईला मान्य होतं. पण घरात बसून म्हाताऱ्या माणसाचा आवाज चोरून धरायचा, ही कुठली रीत?

"आज्ये, चोरून नाय गो," नातू नितीन समजावत होता. "राजसी भाषांचंच शिकते कॉलेजात. आकड्यांवर."

"आकड्यांवर? मटक्याच्या?"

राजसी ही नातवाची पसंती. शहराकडे कात्रपला फ्लॅट, बाप कारखान्यात ऑफिसर. मघाशी आवडीबाई अंगणात गिरणीला न्यायचं भात पायलीने मोजत होती, तेव्हा ही ओट्यावर गप्प बसलेली, फोन मांडीवर पालथा. मोजून झालं तसा तिने फोन उचलला, बोट फिरवलं, आणि आवडीबाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. लाभ, दोन, तीन...

आवडीबाईचा हात अजून पोत्याच्या तोंडावरच होता. सासऱ्याच्या काळी एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस असाच ओट्यावर बसला होता. नुसती झाडं मोजतो म्हणाला आणि कागदावर अंगठा घेऊन गेला. त्या सतरा आंब्यांवरून आज बारवी धरणाचं पाणी जातं. मोजायला आलेलं माणूस रिकाम्या हाताने जात नाही, ही गाठ तिने तेव्हाच मारली होती. आणि तिच्या होकाराशिवाय या घरात सून येत नव्हती.

"कुणाला नेऊन ऐकवणार गो हे?"

"आमच्या सरांना," राजसी म्हणाली. "आजी, हजारो वर्षांपूर्वी काही लोक होते. त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलं नाही. पण त्यांची बोली पसरत गेली. आपण सात म्हणतो, उल्हासनगरचे सिंधी सत म्हणतात, इराणात हफ्त, इटलीत सेत्ते. असे सगळे सात शेजारी मांडले की मूळचा सात कसा असेल ते काढता येतं. सेप्तम्, असं काहीतरी."

"त्यांना पाह्यलंय कुणी?"

"नाही."

"ऐकलंय?"

"नाही."

"मग काय ते तुझ्या अंगात येऊन बोलतात?"

नितीन हसला. आवडीबाई हसली नाही, कारण गोष्ट तिला पटत होती. सासूचा एक फोटो घरात नव्हता, पण नितीनचं नाक आणि त्याच्या आत्याचं नाक शेजारी ठेवलं की म्हातारी समोर उभी राहायची. पटलं, म्हणूनच तिचा संशय वाढला. पटेल असं बोलता यायचं त्या सदरेवाल्यालाही.

"माझं काय लिवलंस? वाच."

राजसीने वही उघडली. तिचे डोळे चमकत होते. "एक म्हणजे लाभ. आजी, असा एक मला कुठेच सापडला नव्हता!"

आता मात्र आवडीबाईला हसू आवरेना. "अगो, आमच्यातही एकाला एकच म्हणतात! भाताची पहिली पायली एक म्हणून टाकायची नाय, बरकत जाते. म्हणून लाभ म्हणायचं. तुझे ते जुने लोक भाताच्या राशीशी काय म्हणायचे आणि बाहेरच्याला काय सांगायचे, तुला काय ठावं? मेल्यांनी खरा आकडा पोटातच ठेवला असला तर?"

राजसीने पेन काढलं.

"नाही माहीत, आजी," ती हळू म्हणाली. "ते कधीच कळणार नाही."

मग तिने वहीतल्या 'लाभ'च्या ओळीवर काट मारली, फोन आवडीबाईच्या डोळ्यांसमोर धरला आणि आवाज पुसून टाकला.

सदरेवाल्याने कागद परत केला नव्हता.

आवडीबाईने पोत्याचं तोंड पुन्हा मोकळं केलं, पायली पदराने पुसली आणि राजसीच्या हातात दिली.

"न विचारता घेतलंस, ते मी विसरायची नाय. पण माहीत नाय म्हणालीस. एवढं म्हणणारं माणूस या ओट्यावर आजवर बसलं नव्हतं. ये, बस हितं. आता तू मोज, मी ऐकते."