मधली पाच वर्षं

भैयाजी श्रावणात गेले. तीनदा निवडून आलेला आमदार सकाळी तोंड धुताना खाली बसला तो उठलाच नाही. तेरवीच्या मांडवातल्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या, तेवढ्यात गोंदियाचे हिरालाल सेठ सुशीलाबाईंसमोर येऊन बसले. राइस मिलवाले हिरालाल म्हणजे भैयाजींचा उजवा हात. तिकिटं, गाड्या, सभा, सगळं तेच बघत.

"भाभीजी, पीयूष अभी तेईस का है," ते म्हणाले. "आमदारकीला पंचवीस पूर्ण पाहिजेत. इस बार आपको खड़ा होना पड़ेगा. नाव तुमचं, बाकी आम्ही पाहू. पुढच्या वेळी पीयूष. मधली पाच वर्षं फक्त."

सुशीलाबाईंनी दाराला टेकून उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. पीयूषनं डोकं भादरलं होतं, त्यामुळे तो शाळेतल्यासारखा दिसत होता. त्या हो म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून त्या आतल्या दाराआड होत्या. बाहेरच्या खोलीत कोण आलं ते त्या आवाजावरून ओळखत, कोणाला चहात साखर जास्त लागते तेही त्यांना ठाऊक होतं. पण ती माणसं कुठल्या गावांतून येत, ती गावं त्यांनी पाहिली नव्हती. आता एकाएकी त्या उघड्या जीपमध्ये उभ्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी पिवळं धान मागे सरकत होतं.

"आई, तू फक्त हात जोड," पीयूषनं सांगितलं होतं. "बोलायचं मी बघतो."

त्या हात जोडत. घरात झोप लागत नसे, म्हणून गाडी हलू लागली की बसल्याबसल्या डोळे मिटत. मग पुढच्या सीटवर भैयाजी बसलेले असत. मानेवरचा तो घामाचा ओला पट्टा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. ते रस्त्यावरच्या माणसांना हात दाखवत, नावानं हाका मारत. सुशीलाबाई मागून म्हणत, "अहो, मी पण आली ना संगं." ते वळून बघत नसत. जाग आली की तसाच रस्ता, तशीच माणसं, धुक्यात अर्ध्या बुडालेल्या मोहाच्या झाडांखाली उभी. चिन्नोर धानाचा वास इतका दाट असे, की आपण जाग्या आहोत की नाही हे त्यांना लगेच कळत नसे.

चिचगडच्या पुढे जंगलातल्या गावांत बायका त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. काही गोंडीत बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, तरी भैयाजींचं नाव मध्येमध्ये ऐकू येई. एका अंगणात एक म्हातारी कुंकवाचं बोट घेऊन पुढे आली, मध्येच थांबली आणि ते पीयूषच्या कपाळाला लावून मागे सरकली. सुशीलाबाईंना रडू आलं नाही. हे सगळे ज्याच्यासाठी रडताहेत त्या माणसाशी आपली नीट ओळखच झाली नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

एक दिवस इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळ जीप तापून बंद पडली. पीयूष आणि हिरालाल दुसऱ्या गाडीनं सभेच्या गावी पुढे गेले. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला. सुशीलाबाई जवळच्या बोडीच्या, छोट्या तळ्याच्या काठावर जाऊन बसल्या. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि कमरेएवढ्या पाण्यात एक बाई वेल उलटवून शिंगाडे तोडत होती. ऊन पाण्यावरून तिच्या तोंडावर हलत होतं.

"कोणाच्या घरची वो तू, बाई?" तिनं विचारलं.

"भैयाजीच्या."

"थे तं गेले. तुयं नाव काय?"

"सुशीला." स्वतःच्या तोंडून ते नाव त्यांनी किती वर्षांनी ऐकलं होतं कोण जाणे.

"मी भागीरथा. वोट मागाले आली का?"

"हो."

"मंग माग ना!"

इतक्या गावांत सुशीलाबाईंनी हात जोडले होते, पण मागितलं असं कोणाकडेच नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मले मत दे, भागीरथा."

"कायले देऊ?"

तिनं काही टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सुशीलाबाई पाण्यावरच्या वेलांकडे पाहू लागल्या. भागीरथा हसली, काठाशी आली आणि ओंजळभर ओले शिंगाडे त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "खाय. सवडीनं सांग."

सभेला त्या पोचल्या तेव्हा पीयूषचं भाषण चालू होतं. पाठ केलेलं, रोजचंच. "माझ्या वडिलांचं स्वप्न," असं म्हणून तो थांबला. रोजही तो तिथे थांबत असे, हिरालालनीच तसं शिकवलं होतं. पण आज त्याला पुढचं वाक्य बोलता येईना. ओठ हलले, आवाज निघाला नाही. माइकसमोर तो पोरगा बापासाठी ढसाढसा रडू लागला. तेरवीलासुद्धा तो रडला नव्हता.

सुशीलाबाई मंचावर चढल्या. आधी त्यांनी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं. मग माइकपाशी आल्या.

"मले बोलता येत नाई," त्या म्हणाल्या. त्यांचाच आवाज झाडांवरच्या भोंग्यांतून परत आला, तशा त्या दचकल्या. "आज एका बाईनं मले विचारलं, वोट कायले देऊ. मले सांगता नाई आलं. तुम्ही सांगा. काय पाहिजे तुमाले?"

बायकांच्या बाजूनं एकीनं सांगितलं, दवाखान्यात नर्स राहत नाही. मागून केवलराम नावाचा म्हातारा उठला. कालव्याचं पाणी शेवटच्या धानाच्या बांध्यांपर्यंत येतच नाही म्हणाला. मग कितीतरी जण उठले. सुशीलाबाई उभ्या राहून ऐकत होत्या. कशालाच त्या 'करून देते' म्हणाल्या नाहीत.

"ये क्या कर दिया, भाभीजी?" हिरालाल गाडीत म्हणाले. "सवाल पूछने का मौका नहीं देते पब्लिक को."

पुढच्या सगळ्या सभांत सुशीलाबाईंनी तेच केलं. भैयाजींपेक्षा कमी मतांनी, पण त्या निवडून आल्या.

निकालानंतर लोक भेटायला आले तेव्हा बाहेरच्या खोलीत मोठ्या खुर्चीवर पीयूष बसला होता. सुशीलाबाई आतलं दार उघडून बाहेर आल्या.

"आई, तू कायले आली? मी आहे ना."

"तू बाजूच्या खुर्चीवर बस. आयक. शीक."

पीयूष रागानं लाल झाला, पण उठला.

पाच वर्षं त्या फिरल्या. काही झालं, बरंच झालं नाही. कालव्याचं पाणी दोन गावं पुढे सरकलं आणि तिथेच थांबलं. गाडीत त्यांना अजून डुलकी लागे, पण पुढच्या सीटवर आता ड्रायव्हरशिवाय कोणी नसे.

दोन हजार नऊ साली हिरालाल पुन्हा आले. सुशीलाबाई म्हणाल्या, "औंदा बी मीच उभी राहीन." तिकीट पीयूषला मिळालं. अपक्ष उभं राहा म्हणून लोक त्यांना सांगायला आले. मुलाविरुद्ध त्यांच्यानं उभं राहवेना. त्याच्या मंचावरही त्या गेल्या नाहीत. पोस्टरवर मात्र भैयाजींच्या शेजारी त्यांचा फोटो होता, ढगांत, जणू त्याही गेल्या असाव्यात.

पीयूष पडला.

संध्याकाळी गुलाल दुसऱ्या बाजूला उधळला जात होता. तो घरी येऊन पायरीवर बसला. आईनं भात वाढून आणला.

"तू कोणाला मत दिलं?" त्यानं ताटाकडे बघत विचारलं.

"तुले."

"मग मंचावर काऊन नाही आलीस?"

"आई म्हणून मत देल्लं. लोकाईले काय म्हणून सांगितलं असतं?"

पीयूषनं भात कालवला आणि सगळा संपवला.

सकाळी त्याची मोटारसायकल दारात नव्हती. बाहेर धुकं इतकं होतं, की समोरचा रस्ताही दिसत नव्हता. दुपारी चिचगडहून तिथल्या शाळेतल्या बकाराम गुरुजींचा फोन आला. "बाई, तुमचा पोरगा आमच्या अंगणात बसून आहे," ते म्हणाले. "गाडी नाही, माणसं नाहीत. काही मागत नाही, नुसता आयकून राहिला. जेवायला घालू का?"

"घाला," सुशीलाबाई म्हणाल्या, "आणि चहात साखर कमी द्या."