विजोड मोजे

वुल्फरुनने घोड्याचा शेवटचा खूर संपवला, दातांनी धागा तोडला आणि सुई उशीत खोचली. पाठ सरळ करायला तिला दोनदा कण्हावं लागलं. चौकटीवर ताणलेल्या लिननवर लढाई ऐन भरात आली होती. खालची पट्टी मात्र कोरीच होती. तिथे कोळशाने आखलेली मेलेली माणसं आडवीतिडवी पडली होती.

"बाई, हे अजून तसंच?" बिशपचा नॉर्मन कारभारी गोतिए मागे येऊन उभा राहिला.

"मेलेल्यांना कसली आलीय घाई?"

"उद्या हा तुकडा पुढच्याला जोडायचाय. नुसती बाहेरची रेघ टाका, आत लोकर भरू नका. लढाई जिंकल्यावर यांच्या अंगावरचं सगळं आमच्या लोकांनी उतरवून नेलं होतं."

"ठाऊक आहे. तुमच्या राज्यात मेलेलेच तेवढे स्वस्त."

गोतिए नाक मुरडून निघून गेला. कँटरबरीत या म्हातारीसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून तिचं तोडून बोलणं तो गिळून घेत असे.

इतके दिवस वुल्फरुनने घोडे केले, गलबतं केली, राजवाडे केले. मेलेले तिने कायम दुसऱ्या दोन बायकांच्या गळ्यात घातले. आज त्या दोघी तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या.

चौकटीच्या पलीकडे सून बसली होती, एडिव्ह. "आई, खालचे मी करते."

"तुला तिकडून सगळं उलटं दिसतं. आणि रंगांतलं तुला काय कळतं? नवऱ्याला एक मोजा गडद निळा, एक मळकट हिरवा घालून लढाईला धाडणारी तू."

एडिव्हने मान खाली घातली. दुसऱ्या मोज्याच्या वेळी रंगाच्या कढईतली निळी उतरून हिरवट झाली होती आणि ब्रिक्ट्रिकला थांबायला वेळ नव्हता. तो हसत हसत तसाच गेला, तो याच लढाईच्या टेकडीवरून परत आलाच नाही. आठ वर्षं झाली. हा टोमणा मात्र रोज सकाळच्या पेजेबरोबर ठरलेला.

टोपलीतली लोकर निवडत एडिव्ह म्हणाली, "पाणचक्कीवाला ओस्मर पुन्हा पाद्रीबाबांकडे गेला होता."

"पीठ द्यायला गेला असेल."

"बाबा म्हणाले, ब्रिक्ट्रिकचं प्रेत कुणी पाहिलेलं नाही. त्याच्या आईने एकदा तो मेला म्हटलं, की तुमचं लग्न लावतो."

"आणि आई काय म्हणते?"

"आई दाराला आतून कडी लावत नाही," एडिव्ह हळूच म्हणाली. "आठ वर्षं."

वुल्फरुनने सुईत धागा ओवला आणि पहिल्या मेलेल्याची रेघ धरली. खांदा, कुशी, मांडी. उघड्या अंगाला लोकर फारशी लागत नव्हती. काम भराभर सरकत होतं आणि त्यानेच ती जास्त थकत होती. दुसरा झाला. तिसरा झाला. चौथ्याच्या गुडघ्याशी येऊन हात थांबला.

"निळी दे. गडद."

"आई, तो म्हणाला ना, आत भरायचं नाही..."

"त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. दे इकडे."

तिने त्या पायावर धागे शेजारी शेजारी मांडले, वरून आडवे घेतले, बारीक टाक्यांनी जागच्या जागी बसवले. पाय गुडघ्यापर्यंत निळा झाला. मग तिने न बघताच हात पुढे केला.

"आता तो हिरवा. मळकट."

एडिव्हचा हात लोकरीच्या टोपलीत तसाच राहिला. मग ती उठली, चौकटीला वळसा घालून अलीकडे आली आणि सासूच्या खांद्यामागे उभी राहिली. इथून सगळं सुलट दिसत होतं.

"अंधार करू नकोस, बाजूला हो," वुल्फरुन म्हणाली.

हिरवा पाय पुरा व्हायला वेळ लागला. तिने मागच्या बाजूला गाठ मारली, धागा तोडला आणि डोळ्यांवर तळवे दाबून धरले.

"त्या ओस्मरचे पाय मोठे आहेत," ती तशीच म्हणाली. "लोकर जास्त घे. आणि या खेपेला दोन्ही मोजे एकदमच बुडव."