रुकय्याचा चावा

आमच्या सौदीतल्या अल-हसात चुलतभावंडांचं लग्न ही काही नवलाई नाही. माझंही तसंच झालं, आणि थोरला जवाद जन्मला तो सिकलसेलचा आजार घेऊन. त्याचं अंग दुखायला लागलं की तो उशीत तोंड खुपसतो आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. म्हणून धाकटा जासिम जेव्हा म्हणाला, लग्न करीन तर काकांच्या रुकय्याशीच, तेव्हा मी ठणकावलं, "आधी रक्त तपास, मग प्रेम कर!"

"उलटं झालंय ते, अम्मा," कार्टा म्हणाला.

तपासणीत जासिमच्या रक्तात दोष लपलेला निघाला, रुकय्या मात्र स्वच्छ. एकातच दोष असेल तर मूल आजारी जन्मत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मी खजुराचं ताट घेऊन दिराच्या घरी गेले. निकाह ठरवायला मशिदीतले शेखसाहेबही आले होते. नेमकं तेव्हाच सासूबाईंना आठवलं.

"अगं, हिची आई तापाने पडली होती तेव्हा तू हिला पाजलंयस ना? मग ही जासिमची बहीणच की!"

सगळ्यांची कॉफी हातातच राहिली. चुलतबहीण आम्हाला चालते, दूधबहीण हराम. रुकय्याचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी सोडलं आणि सासूबाईंनी धरलं! असा संताप आला मला.

शेखसाहेब म्हणाले, "अल्लाला स्मरून सांग. ही निदान एक अख्खा दिवस नि रात्र फक्त तुझ्याच दुधावर होती का? तरच दुधाचं नातं लागतं."

पोरासाठीसुद्धा मी खोटं बोलले नसते. पण खरं आठवलं आणि मला हसूच फुटलं. "दूध कसलं, शेखसाहेब! छातीशी धरलं तर हिने करकचून चावा घेतला. एक घोटसुद्धा प्यायली नाही. मी किंचाळले, तेव्हा बाटली घेऊन कोण धावलं? विचारा की सासूबाईंना!"

सासूबाई ओढणीशी चाळा करत पुटपुटल्या, "किंचाळली होती खरी. मला वाटलं, पाल पडली अंगावर."

शेखसाहेबांनाही हसू आवरेना. "मग दूधही नाही आणि बहीणही नाही. ठरवा निकाह!"

मी जीभ हलवून आमच्याकडची आनंदाची किलकारी अशी मारली की शेजारणी धावत आल्या. रुकय्या गळ्यात पडून म्हणाली, "काकू, आणखी एक चावा घेऊ?"

"घे गं, हवे तितके घे!"

त्या दिवशी जवादचं दुखणं उसळलं होतं, तरी तो भिंतीला धरून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अम्मा, मी धडधाकट पोरांचा काका होणार!"