रिकाम्या काचेचा फोटो

आई गेली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते झालंच नाही असं धरून चला. घरातले सगळे तसंच धरून चालले होते.

तर आई सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या मागे चारशे माणसं. पडद्यावर हिरवीगार जाळी झळकली. "आहाहा!" सगळं सभागृह एका घशाने म्हणालं.

"बघा!" पिवळ्या रसाची बाटली नाचवत रसवाले काका ओरडले. "कर्करोग म्हणजे काय हो? पेशींचं घरगुती भांडण! एकमेकींचा हात सोडून त्या अंगभर भटकतात. माझा रस पोटात गेला, की रुसवा खलास! हा हिरवा उजेड म्हणजे पुन्हा धरलेले हात. मी नाही म्हणत, प्रयोगशाळा म्हणते!"

"फोटो माझ्या धाकटीनं काढलाय," आईने शेजारणीला सांगितलं. मग दुसऱ्या बाजूच्या शेजारणीला. मग मागे वळून एका अनोळखी गृहस्थांनाही.

फोटो खरंच धाकटीचा होता. ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या रंगवायची. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा एक रेणू असतो; कर्करोगात तो बऱ्याचदा हरवतो. त्याचा माग काढायला अँटिबॉडी वापरतात. ती नेमकी त्याच रेणूला जाऊन चिकटते आणि तिला जोडलेला रंग निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. काकांनी तपासायला दिलेला रस धाकटीने पेशींना पाजला, अँटिबॉडी टाकली, काच चमकली. तिने तसं लिहून दिलं.

दर वेळी बाकी सगळं तेच, फक्त अँटिबॉडी न टाकलेली एक रिकामी काच सोबत तपासायची, असा नियम होता. पण ती मेली कायम काळीच यायची. "अंधाराचे फोटो किती काढायचे गं?" असं प्रमुख बाई एकदा हसत म्हणाल्या, आणि नियम त्या हसण्यातच वारला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी आईने तिच्या कर्करोगावरची दवाखान्यातली इंजेक्शनं बंद केली.

"आई, तो माणूस परवापर्यंत केसांचं तेल विकत होता!"

"त्याच्यावर कोण विश्वास ठेवतंय, वेडे? मी तुझ्यावर ठेवलाय."

 स्वतःच्याच फोटोशी धाकटी भांडणार कशी?

पाच महिन्यांनी तिने त्याच रसाच्या काचा पुन्हा रंगवल्या. लख्ख हिरव्या! खुशीत ती फ्रीज उघडते तर अँटिबॉडीची नवी कुपी तिथेच, सीलही न फोडलेली. टाकायचीच राहिली होती.

मग चमकत काय होतं?

तिने रस न पाजलेल्या पेशींवर अँटिबॉडी टाकली. काळोख. कोऱ्या काचेवर, एकही पेशी नसताना, नुसता रसाचा थेंब ठेवला. हिरवा उजेड. शेवटी ॲप्रनच्या बाहीवरचा रसाचा डाग दिव्याखाली धरला. काकांच्या हिशेबाने बाहीसुद्धा सुखाने नांदत होती.

रसातला पिवळा रंगच निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो, आणि पेशींना लागला की धुऊनही जात नाही. हरवलेला रेणू परत आलाच नव्हता.

आईला तोवर बोलताना धाप लागायची. धाकटीने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझी चूक नाही ना?"

"माझीच आहे, आई."

 "मग जा, सभागृहात सांगून ये. आणि केस विंचरून जा."

धाकटी सभागृहात पोचली तेव्हा पहिल्या रांगेत आई नव्हती. व्यासपीठावर तिने बाही निळ्या दिव्याखाली धरली. "माझा ॲप्रन बरा झालाय," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

"तुझी श्रद्धाच नाही, बाळ!" काका कळवळले.

"बाहीची होती का, काका?"

मग ती लोकांकडे वळली. "गुण आल्याचा फोटो कुणी दाखवला, तर तपासणीचा रंग न टाकलेल्या रिकाम्या काचेचा फोटोही मागा. तो नसेल तर उठून घरी जा. फोटो काढणारी तुमची पोटची पोर असली, तरी मागा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शनं बंद करू नका. माझ्या आईने केली होती."

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने हातातली बाटली हळूच खुर्चीखाली ठेवली.

सोमवारी धाकटीने अर्ज दिला.

"प्रति, प्रयोगशाळा प्रमुख. विषय: रिकाम्या काचेचा नियम पुन्हा लागू करणेबाबत. महोदया, सदर नियम मागील तारखेपासून, म्हणजे माझ्या आईने ज्या फोटोवरून इंजेक्शनं बंद केली तो काढला त्याच्या आदल्या दिवसापासून, अमलात आणावा व तसे तिला लेखी कळवावे, ही नम्र विनंती."