जुन्या बुटाखालचा जोड

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कवरून, चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवरून, निघालेला जुना रबरी बूट बारक्याच्या मुठीत चुरत होता आणि त्याचा काळा भुगा बोटांच्या फटींतून फरशीवर गळत होता. दादा खुर्चीत बसला होता. त्याची बायको, बारक्याची वहिनी, शेडच्या चौकटीला धरून उभी होती. तिघांची नजर एकाच जागी खिळली होती: उजव्या नळीवर, खालच्या क्लॅम्पपासून चार बोटे खाली. तिथे वेल्डिंगचा एक जोड होता.

बारक्याने त्यावरून अंगठा फिरवला. जोडाच्या कडेने केसाएवढी चीर गेली होती. अंगठ्याला ती कळली नाही, नखाला कळली.

"तुला म्हटलं होतं, जुन्याला हात लावू नकोस," दादा अखेर म्हणाला. "वरूनच गुंडाळ म्हटलं होतं. पण नाही. साहेबांना सगळं पुस्तकात असतं तसं पाहिजे."

सकाळी सगळे किती सरळ होते! दुपारपर्यंत नवे बूट चढवायचे आणि सुटायचे, एवढेच बारक्याला ठाऊक होते. सोमवारी बंदरावरच्या एका कारखान्यात त्याला रुजू व्हायचे होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच कोणीतरी त्याला त्याच्या हातांसाठी बोलावले होते. दादाने हरकत घेतली नव्हती, फक्त अट घातली होती. "गाडी मोडलीस तशी उभी करून दे. मग तू मोकळा."

कारण गाडी त्यानेच मोडली होती. घरात हे सूर्याइतके सिद्ध होते. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने हिचे पुढचे चाक बसवले, आणि दुसऱ्याच दिवशी उतारावर चाक भरकटून दादा भिंतीवर आदळला. डावा हात खांद्यापासून लुळा पडला, डावा पाय काठीसारखा ताठ झाला. दादा पेशाने वेल्डर, तोही डावखुरा. त्या हाताबरोबर त्याचा धंदाच गेला. इस्पितळात डोळे उघडल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "नट कोणी आवळला होता?"

तो प्रश्न पुन्हा कधी सरळ विचारला गेला नाही. तो वेश बदलून घरभर वावरत राहिला. बारक्याने पाण्याच्या बाटलीचे झाकण लावले की दादा म्हणे, "नीट आवळलंस ना रे? नाहीतर अजून एखादा जायचा." पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणे, "हा आमचा धाकटा. सैल कामात हातखंडा." पाहुणे हसत. बारक्याही हसे. मुलीकडचे लोक बघायला आले तेव्हाही दादाने हाच विनोद केला. ते हसले आणि परत आले नाहीत. मग बारक्याने दादाची बटणे लावली, बुटांचे बंद बांधले, त्याची दाढी केली, वर्कशॉप चालवले. आणि दर रात्री झोपण्यापूर्वी, ज्या नटाला आता कोणीच हात लावू शकत नव्हते, तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा आवळला.

आठ महिने खपून त्याने गाडी उभी केली होती. फक्त फोर्क राहिला होता, कारण दादा म्हणाला होता, "तो सरळ आहे, उघडायचा नाही." पण बूट फाटले होते. भात्यासारख्या घड्यांचे हे रबर नळीवर धूळ बसू देत नाही. ते फाटले की गाडी कितीही चकचकीत केली तरी दारिद्र्य लपत नाही. नवे बूट वहिनींनी बाजारातून आणले, होते त्यांतले सर्वांत स्वस्त: पातळ, उग्र वासाचे, आणि घड्याही जुन्यांपेक्षा कमी.

"मागून उभे काप," दादाने सांगितले होते, "जुन्यावरूनच गुंडाळ आणि सोल्युशनने चिकटव. बघणाऱ्याच्या बापाला कळत नाही."

दुसरा कोणी असता तर त्याने तसे केलेही असते. पण ज्याच्या कपाळावर एकोणीस वर्षे सैल कामाचा शिक्का आहे, त्याला शेवटचे काम तरी सैल करवेना. त्याने चाक उतरवले आणि जुन्या बुटाला हात घातला.

आणि आता हा जोड.

वेल्डिंगची रेघ माशाच्या खवल्यांसारखी दिसते. खवले कोणत्या बाजूला कलतात त्यावरून जाणत्याला हात ओळखता येतो. हे खवले उलटे कलले होते. असे काम बारक्याने आयुष्यात एकाच माणसाचे पाहिले होते. आणि त्या माणसाचा तो हात अपघातापासून मांडीवर मेलेल्या पक्ष्यासारखा पडून होता.

"हा तुझा हात आहे, दादा."

"मला हात कुठे आहे? तूच तर ठेवला नाहीस."

विनोद नेहमीचा होता. पण आज शेडमध्ये कोणीही हसले नाही, आणि हे दादाच्याही ध्यानात आले.

"हा जोड आधीचा आहे," बारक्या म्हणाला.

"महिनाभर आधीचा." दादाने उजव्या हाताने लुळा हात उचलून मांडीवर सारखा केला. "खड्ड्यात नळी वाकली. सरळ करायला गेलो तर तडकली. नवी मिळेना. म्हटलं, तात्पुरतं भागेल. उतारावर तोच चिरला."

"मग चाकाचा नट?"

"घट्ट होता. निघण्यापूर्वी मी स्वतः पाना लावून बघितला होता. तू लावलेलं चाक, न बघता बसलो असतो की काय?"

हे तो इतक्या सहज म्हणाला की जणू आज ऊन फार आहे, असे काही सांगत होता.

"मग मला का म्हणालास?"

"पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं. कळवळत होतो रे, आणि तू समोर उभा, रडत. दुसऱ्या दिवशी बघतो तर तू माझ्या चपला पुसतोयस." दादाच्या स्वरात हिशेबी समाधानासारखे काहीतरी आले. "म्हटलं, चांगलं चाललंय, कशाला मोडा? तू कॉलेजचा फॉर्म भरला होतास. गेला असतास. मग मला उचलणार कोण? खरं बोलून माझ्या पदरात काय पडणार होतं?"

"एकोणीस वर्षं, दादा."

"अरे, उपाशी तर नाही ना ठेवलं! चल, झाकून टाक ते. शब्दाचा पक्का आहे मी. बूट चढव आणि सोमवारी खुशाल जा."

बारक्याला नेहमी वाटे, एक दिवस कोणीतरी येऊन सांगेल की तुझा दोष नव्हता, आणि छातीवरचा दगड उतरेल. आज ते सांगितले गेले होते. उतरले काहीच नाही. उलट पायाखालची फरशीच कोणीतरी काढून नेली. त्या दोषावर त्याने सगळे आयुष्य बांधले होते: त्याची नम्रता, त्याचे पहाटे उठणे, त्याचे ब्रह्मचर्य. दोष काढून घेतल्यावर उरलेला माणूस कोण, हे विचारायलाही ओळखीचे कोणी शिल्लक नव्हते.

तो पुन्हा खाली बसला. काय करावे ते न सुचल्याने त्याने फडक्याने जोड पुसला. पुसता पुसता त्याचा हात मंदावला.

नळीला गोल जोड एकट्याने देता येत नाही. निदान असा नाही. एकटा माणूस चार ठिकाणी थांबतो, नळी फिरवतो, पुन्हा सुरू करतो, आणि थांबल्याच्या प्रत्येक जागी एक गाठ राहते. या जोडाला गाठ नव्हती. खवले पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग होते. दादा वेल्डिंग करत असताना कोणीतरी शेजारी बसून नळी संथपणे, एका लयीत फिरवत होते. त्या महिन्यात बारक्या परीक्षेसाठी मावशीकडे राहायला होता. वर्कशॉपला तेव्हा दुसरा माणूस नव्हता. घरात दोघेच होते.

त्याने मान वर केली. या एकोणीस वर्षांत त्याच्याशी मऊ बोलणारे या घरात एकच माणूस होते. त्याचे डोळे भरले की वहिनी म्हणत, "भाऊजी, तुम्ही लहान होता. मुद्दाम थोडंच केलंत?" त्या एका वाक्याच्या उबेवर तो इथे टिकला होता. आज त्याला पहिल्यांदाच ऐकू आले की त्या वाक्यात गुन्हा त्याच्याच नावावर राहत होता. माफी तेवढी त्यांची होती.

"वहिनी," तो म्हणाला. "नळी कोणी धरली होती?"

दादाने पहिल्यांदाच मान खाली घातली.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिले, फार वेळ नाही. मग चौकटीवरचा हात काढला, पाठ फिरवली, आणि उन्हाने पांढरे पडलेले अंगण ओलांडून घराकडे चालत गेल्या.