आरोपीच्या पिंजऱ्यातले बाबा

आमची इमारत पूर्वी कोर्ट होती. कोर्टाला नवी जागा मिळाली आणि जुनी आमच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीला. आमच्या स्वयंपाकघरात खटल्यांचे कागद ठेवत असत. तिथे अजूनही कुठलंच काम वेळेत होत नाही.

सोसायटीचा नियम एकच: मूळ नकाशात नाही ते बसवायचं नाही. मूळ नकाशात घरोघरी संडासही नव्हते, पण त्याला सभेने एकमताने अपवाद केला. सेक्रेटरी दातांचे निवृत्त डॉक्टर. आयुष्यभर जुनं उपटून नवं बसवलं, आता त्याचं प्रायश्चित्त आमच्याकडून करून घेतात.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा सहा आठवडे घराबाहेर पडले नव्हते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. चौतीस दगडी पायऱ्या, दोन्हीकडे गुळगुळीत भिंत, धरायला काही म्हणजे काही नाही. बाबांना फक्त एक लाकडी कठडा हवा होता.

सभा जुन्या न्यायदालनात भरते. सेक्रेटरी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात, कारण दुसरीकडे बसलं की त्यांची कंबर दुखते. ज्याची तक्रार असेल त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, कारण माइकची वायर तिथपर्यंतच पोचते. मी, वॉचमन आणि माझ्या बहिणीचे यजमान, दाजी, यांनी बाबांना खुर्चीसकट खाली आणलं. म्हणजे मी आणि वॉचमनने आणलं, दाजींनी सूचना केल्या.

"जिन्याला कठडा हवाय," बाबा पिंजऱ्यातून म्हणाले. "बाकी काही नको."

"काका, तुमच्या भावना समजतात हो," सेक्रेटरी म्हणाले. "पण इतिहासाला खुबा नसतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव फेटाळला गेला. सगळे उठले, बाबा उठेनात.

"अहो, चला आता," आई म्हणाली.

"कुठे? या अख्ख्या इमारतीत धरायला कठडा आहे अशी ही एकच जागा. मी इथेच राहतो. उशी आणि चष्मा पाठव."

"काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"लोकांनी टाळ्या वाजवल्यात. ऐकलं ना आत्ताच?"

सेक्रेटरींनी नोटीस काढली. ती पिंजऱ्यात हातोहात दिली. बाबांनी तिच्या मागच्या बाजूला शब्दकोडं सोडवलं.

रविवारी बाहेरचे लोक वारसा बघायला येतात. त्यांना पिंजऱ्यात पायजमा घातलेला, पेपर वाचणारा एक इसम दिसला.

"काका, गुन्हा काय केलात?" एकाने विचारलं.

"कठडा मागितला."

"वा! किती खरं वाटतं!"

पुढच्या रविवारी दुप्पट गर्दी. एका बाईंनी बाबा मेणाचे आहेत का ते चिमटा काढून पाहिलं. बाबा ओरडले तर म्हणाल्या, "आवाजही बसवलाय!" सेक्रेटरी खुशीत. नोटीस त्यांनी स्वतःच परत मागून घेतली आणि बाबांना विचारलं, "काका, दाढी जरा वाढवाल का?"

चिमटे वाढले तसा सेक्रेटरींनी सुतार बोलावला आणि पिंजऱ्याभोवती कठडा बसवायला सांगितला.

"मूळ नकाशात आहे का तो?" मी विचारलं.

"ही प्रेक्षकांची सोय आहे," ते म्हणाले आणि गावाला निघून गेले. लेकीकडे, चार दिवस.

आईने सुताराला चहा दिला. "दादा, तुम्हाला काय सांगितलंय?"

"कठडा बसवा म्हणून."

"कुठे?"

"या... इमारतीत."

"जिना याच इमारतीत आहे ना?"

सुताराने जिना पाहिला, बाबांना पाहिलं, चहा संपवला. "लाकूड जास्त लागेल, वहिनी."

"आणा."

तीन दिवसांत त्याने चौतीस पायऱ्यांचा कठडा बसवला आणि जुन्या दारांना शोभेल असं गडद पॉलिश लावलं. मग राहिलेल्या तुकड्यांत पिंजऱ्याचं काम उरकलं.

रविवारी सेक्रेटरी थेट स्टेशनवरून आले आणि पाहुणे घेऊन जिन्यापाशी पोचले. कठडा दिसताच थबकले. मागे तीस माणसं, मोबाइल वर केलेले. मूळ नकाशाबाहेर काही बसू न देणाऱ्या माणसाने आपल्याच इमारतीत नवा कठडा बसलाय, असं कसं म्हणायचं?

"आणि हा," ते म्हणाले, "मूळ कठडा. काय काम आहे बघा! असे कारागीर आता राहिले नाहीत."

कारागीर बिलाचा कागद घेऊन त्यांच्या मागेच उभा होता. त्याने मान डोलावली.

तेवढ्यात बाबा पिंजऱ्यातून बाहेर आले. काठी माझ्या हातात दिली, कठडा धरला आणि पहिली पायरी चढले. मग दुसरी. आई वरच्या दारात उभी राहून तोंडातल्या तोंडात पायऱ्या मोजत होती.

आठव्या पायरीवर खालून सेक्रेटरी कळवळून ओरडले, "अहो काका, हात लावू नका! वारसा आहे तो!"

बाबा थांबले. दम घेतला. मग दुसराही हात कठड्यावर ठेवला आणि नववी पायरी चढले.